कुणाचं तरी घंगाळ

मेट्रोच्या तपासणीत माझं घंगाळ अडकलं. अगदी शब्दशः. सामान तपासायच्या त्या यंत्राच्या तोंडाशी पिशवी तिरकी झाली, पट्टा थांबला, मागच्या मुलांच्या लॅपटॉपच्या बॅगा एकमेकींवर चढल्या. गणवेशातला मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, यात काय आहे?"

"घंगाळ."

"काय?"

"घंगाळ. तांब्याचं. अंघोळीच्या पाण्याचं."

त्यानं पिशवीचं तोंड उघडलं, आत डोकावला आणि एका बोटानं टिचकी मारली. पोचा आलेल्या भांड्याचा आवाज फुटक्या घंटेसारखा येतो. तेवढ्यावरच त्याची खात्री पटली असावी. "घ्या, घ्या," म्हणाला. जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात गाडी बदलायला जमिनीखाली तेहेतीस मीटर उतरावं लागतं. सरकत्या जिन्यावर ते धूड मांडीशी धरून मी उतरत होते आणि खालून वर येणारी माणसं माझ्याकडे चोरून बघत होती. पुढचंच स्टेशन कसबा पेठ. लहानपणी मैत्रिणीकडे जायचं म्हणजे दोन बस आणि शनिवारवाड्यापासून पुढे पायी, आणि आता गाडी थेट पेठेच्या पोटातच नेऊन सोडते.

मैत्रीण वरती वाट बघत उभी होती. शाळेत आमच्या वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या, एक सदाशिव पेठेतली आणि एक ही. बाईंनी हजेरी घेताना सोय म्हणून हिला 'कसब्याची' म्हणायला सुरुवात केली, ते दहावीपर्यंत टिकलं आणि पुढेही. लग्न होऊन ती आधी चिंचवडला गेली, मग बाणेरला. पण आमच्यात ती अजून कसब्याचीच आहे. तिच्या हातातही पिशवी होती. तिच्यात आईचं पितळी पातेलं, कल्हईसाठी.

पेठ बघायला जाऊ या, असं मी तिला गेली चार वर्षं म्हणत होते आणि ती दर वेळी टाळत होती. "बघायला काय आहे त्यात? पेठेत कुणी बघायला जातं का? काही काम असेल तर सांग." शेवटी माळ्यावरून आजीचं घंगाळ उतरवताना ते माझ्या हातून निसटलं, जिन्याच्या कठड्यावर आपटलं, बाजूला हाताच्या पंजाएवढा पोचा आला आणि एक कडी निखळली. फोन केला तर म्हणाली, "आता झालं काम. बुधवारी ये."

मी एकदा रीतसर 'हेरिटेज वॉक' केलेला आहे. सकाळी सातला जमायचं, पायात बूट, पाण्याची बाटली. माहिती चांगली होती, सांगणारा मुलगा अभ्यासू होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन तासांत आम्ही ज्या ज्या दारासमोर उभे राहिलो, त्यातल्या एकाही दारातून आत जायचं आम्हाला काही कारण नव्हतं, हे मला त्या दिवशी खुपलं नाही. ते खुपलं या बुधवारी.

तांबट आळी डोळ्यांआधी कानाला सापडते. दोन-तीन वळणं आधीपासून ठोके ऐकू येतात. सुरुवातीला सगळे सारखेच वाटतात, मग लक्षात येतं की एका घरातला ठोका भरीव आहे, दुसऱ्यातला पातळ, आणि तिसरा माणूस दर चार ठोक्यांनंतर एक हलका ठोका नुसता मेखेवर मारतोय, तबलजी मध्येच ठेका सांभाळतो तसा. कसब्याची म्हणाली, "आम्ही शेजारच्या बोळात राहायचो. दुपारी आवाज थांबला की आई म्हणायची, एक वाजला, तांबट जेवायला बसले."

ही मंडळी त्वष्टा कासार समाजाची, कोकणातून पेशवाईत इथं आलेली. आळीतले लोक सांगतात की त्या काळी लष्कराला लागणारं सामानही इथंच व्हायचं. ते दिवस गेल्यावर राहिले ते हंडे, कळश्या, बंब, तपेली, घंगाळं. मग स्टेनलेस स्टील आलं, त्याच्यामागून प्लॅस्टिकची बादली आणि गिझर, आणि बंबाला घरात जागाच उरली नाही. आता पुन्हा तांब्याला बरे दिवस आलेत म्हणे, पण ते तांब्याच्या बाटलीला. बाटली कारखान्यात होते. हातानं मठारलेल्या, म्हणजे हातोडीनं ठोकून खळगे पाडलेल्या, वस्तू घेणारे असतात, पण ते दिव्याची झुंबरं, कुंड्या असलं काही मागतात. कारागीर तेही करून देतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. बंब काय, झुंबर काय, हात तोच चालतो.

कसब्याचीच्या ओळखीचे काका दाराशीच बसले होते. घर आणि कारखाना एकाच चौकटीत; मागच्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या, पुढे हातोड्या. त्यांनी घंगाळ हातात घेतलं, पण पोच्याकडे बघितलंच नाही. आधी तळवा आतून फिरवला, मग बाहेरून. डोळे समोर रस्त्याकडे.

"पत्रा जाड आहे. आता असलं कुणी करत नाही. तीन तास द्या."

"तीन तास?"

"तापवायचं, धुवायचं, उठवायचं, मठारायचं. कडीला रिव्हेट मारायचा. घाई असेल तर बाजारातून नवीन घ्या." हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पुण्यात ही साधी माहिती असते.

कल्हईचं मात्र फसलं. कल्हईवाला जिथं बसायचा तिथं दुकानाचं शटर ओढलेलं, वर खडूनं लिहिलं होतं, 'गुरुवारी'. पातेलं दिवसभर आमच्याबरोबर फिरलं.

तीन तास मोकळे मिळाले आणि कसब्याची आपोआप चालायला लागली. कुठं जायचं, असं तिला विचारायचं नसतं. आधी तिच्या वाड्याच्या जागेवर. तिथं १९९४ पासून पाच मजली इमारत आहे, खाली झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्ती. ती दोन मिनिटं पार्किंगमध्ये उभी राहिली आणि चपलेच्या टोकानं फरशीवर एक चौकोन काढला. "इथं नळ. सकाळी पाचला रांग. इथून जिना, अंधारा, मधली पायरी मोडकी. सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे दुरुस्त कुणी केली नाही. फक्त पाहुणे पडायचे." वाडे गेले याची हळहळ मी तिच्यासमोर व्यक्त केली, तेव्हा ती चिडली. "बावीस बिऱ्हाडांत चार संडास होते. तुमची कर्वेनगरात बंगली होती, तू खुशाल हळहळ." मी गप्प बसले. खरंच होतं ते.

पुढे साततोटी चौक. सात तोट्यांच्या हौदावरून पडलेलं नाव. पलीकडे फडके हौद. या भागात पत्ता सांगताना माणसं अजून हौदच सांगतात. हौदात पाणी असो नसो, पत्ता त्याच्यावर भरलेला असतो. १७५० च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि वाटेत हौद भरत आणले. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. नळात हवा कोंडू नये म्हणून मध्ये मध्ये जे मनोरे काढले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. अभियांत्रिकीतला इतका सुंदर शब्द मला दुसरा माहीत नाही.

लाल महालापाशी आलो. शाळेच्या सहलीतली मुलं रांगेनं आत चालली होती. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, शाहिस्तेखान, बोटं, सगळं त्यांना पाठ होतं, ओरडून सांगत होती. कसब्याची माझ्या कानात म्हणाली, "हा महाल आपल्यापेक्षा लहान आहे, माहितेय ना? आपण सातवी-आठवीत होतो तेव्हा बांधत होते. मी रोज वाळूच्या ढिगावरून शाळेत यायचे." मूळ महाल केव्हाच गेला. आताचा महापालिकेनं ऐंशीच्या दशकात उभारला. म्हणून मुलांच्या डोळ्यांतलं काही कमी होत नव्हतं. आपण ज्याचं बांधकाम बघितलं, ती इमारत 'ऐतिहासिक' म्हणून बघायला आपल्यालाच जरा जड जातं, एवढंच.

कसबा गणपतीला तिनं चप्पल न काढता बाहेरूनच नमस्कार केला, घरातल्या मोठ्या माणसाला जाता-येता करतात तसा. ग्रामदैवत तो, त्याला औपचारिकतेची काय गरज! शनिवारवाड्याबद्दल मी काही लिहीत नाही. त्याच्यावर लिहून झालंय आणि त्या दिवशी आम्ही त्याच्या भिंतीच्या सावलीत फक्त चहा प्यायलो.

मग नागझरी ओलांडून सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीला. नागझरी कधी काळी खरंच झरा असावी. आता वास आधी येतो आणि पाणी नंतर दिसतं. देऊळ घरांच्या गर्दीत दडलेलं आहे, अचानक समोर येतं. काळा दगड, बुटकं, शिखर नावापुरतंही नाही, पण दर्शनी भिंत अशी कोरलेली की पुण्यातल्या साध्यासुध्या पेशवाई देवळांच्या पंगतीत हे कुठून आलं, असा प्रश्न पडावा. भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं, १७७० मध्ये पुरं झालं. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, गाभाऱ्याच्या दारावर संस्कृत लेख आणि त्याच्याच जोडीला फारसी. पण मला बघायचा होता तो गेंडा. दाराच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, एक टोपीवाला गोरा शिपाई साखळदंडानं गेंड्याला जखडतोय. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देवळाचं काम चालू असताना बंगाल इंग्रजांच्या घशात गेला. गेंडा म्हणजे बंगाल-आसाम, असा याचा अर्थ लावतात. अर्थ बरोबर असेल तर पुण्यातल्या कुणा पाथरवटाच्या छिन्नीखाली ही बातमी ताजीच आली होती, आणि साखळी पुढे आपल्याही पायात पडायला अजून साठ वर्षं होती. कसब्याची खाली बसून गेंड्याचा कान निरखत होती. "यानं गेंडा बघितलेला नाही," ती म्हणाली. "बैलाला शिंग लावलंय नाकावर. कुणीतरी तोंडी सांगितलं असणार." पन्नास वेळा आले असेन इथं, असंही म्हणाली, पण या देवळात खाली बसायला कधी वेळच मिळाला नाही.

तीन तासांनी परतलो, तर घंगाळ अर्धवटच. पोचा उठला होता, पण काका हातोडी बाजूला ठेवून बसले होते.

"तुमचीच वाट बघतोय. हे नाव ठेवायचं का घासायचं?"

"कसलं नाव?"

त्यांनी घंगाळ उन्हाकडे वळवलं. तापवून, चिंचेच्या पाण्यात बुडवून घासल्यावर तीस वर्षांची काळी पुटं निघून गेली होती आणि खालून तांबं निघालं होतं, नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखं गुलाबी. काठाखाली, निखळलेल्या कडीजवळ, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं. ती मला माहीत होती! लहानपणी अंघोळ करताना मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे. मला ती नक्षी वाटायची. आता ती वाचता येत होती. अर्धी झिजलेली. '…बाई भ्र. गो…' आणि पुढे 'शके १८५४'.

भ्र. म्हणजे भ्रतार. अमकीबाई, नवरा तमका गो-काहीतरी. शके १८५४ म्हणजे १९३२. माझ्या आजीचं नाव बाईनं संपत नव्हतं, आजोबांचं गो-नं सुरू होत नव्हतं, आणि १९३२ मध्ये आजी आठ वर्षांची होती.

"तुझ्या आजीनं कुणाचं तरी घंगाळ ढापलंय," कसब्याची म्हणाली आणि इतकी हसली की आतल्या खोलीतून काकू बघायला आल्या.

सांगलीला आत्याला फोन लावला. आत्या ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येतं, आठवतं जास्त.

"आत्या, आजीचं घंगाळ आहे ना, त्याच्यावर भलत्याच बाईचं नाव आहे गं."

"असणारच. ते आपलं नाहीच मुळी."

"म्हणजे?"

"पुरातलं ते."

पुणेकरांच्या एका पिढीला 'पूर' म्हटलं की साल सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१, पानशेत. सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही नेलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. आजीचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माणसं पर्वतीच्या बाजूला पळाली म्हणून वाचली. परत आली तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि भांड्यांचं फडताळ रिकामं. "कपबशीसुद्धा नाही राहिली," आत्या सांगत होती. "नळाला पाणी नाही, विहिरी उपसत होते, आणि पाणी भरायला घरात भांडं नाही. मग आईनं जुन्या बाजारातून हे घंगाळ आणलं. ढीग लागले होते तिथं भांड्यांचे. चिखलातली, पोचलेली, सगळी नावं घातलेली. आई म्हणाली, नाव असलेलंच घेऊ, निदान चांगल्या घरातलं असेल."

"मग त्या बाईंना शोधलं नाही कुणी?"

"कुणी कुणाला शोधायचं? आमची भांडी नव्हती का गेली? ती कुणाच्या तरी न्हाणीघरात असतीलच की."

फोन स्पीकरवर होता. काका ऐकत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कडीच्या जागेवर खडूनं नावाभोवती एक लांबट खूण केली आणि मांडी घातली.

मठारकाम मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी मेखेवर घंगाळ उपडं घालायचं आणि वरून हातोडी. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं, कारण त्याच्यावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर उमटणार. हातोडी जागच्या जागीच वरखाली होते, फिरतं ते भांडं. डाव्या हाताची बोटं ते गव्हाएवढं सरकवतात, ठोका, सरकवतात, ठोका. प्रत्येक ठोक्यानं एक छोटा चकचकीत खळगा पडतो, पुढचा त्याला खेटून, ओळ पुरी झाली की खालची ओळ. ठोक्यांनी तांबं कडक होतं. म्हणून आधी तापवून मऊ करायचं आणि शेवटी ठोकून ताठ. या खळग्यांची शोभा दिसते, पण भांड्याला ताकद येते तीही त्यांच्यातूनच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बोलता बोलता काका नावापर्यंत आले, हातोडीची लय तीच ठेवून दोन ठोके नुसत्या मेखेवर मारले, घंगाळ नावापुरतं पुढे सरकवलं आणि पलीकडून पुन्हा सुरू केलं. मी बघत नसते तर कळलंही नसतं.

तेवढ्यात आळीत पंधरा-वीस जणांचा एक घोळका आला. पायात बूट, हातात बाटल्या. पुढचा मुलगा त्वष्टा कासार समाजाबद्दल सांगत होता, बरोबर सांगत होता. एकीनं आमच्या घंगाळाचा फोटो काढला, मग अदबीनं मला विचारलं, "काकू, तुम्ही इथल्याच का?"

मी उत्तर शोधत होते, तर कसब्याचीनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हो, इथल्याच. तीन तासांपासून."

रिव्हेट थंड व्हायला अर्धा तास होता. मी पैसे देत होते तेव्हा फोन पुन्हा वाजला. आत्याच.

"अगं, तू कसब्यात आहेस ना? आज वार कुठला?"

"बुधवार."

"म्हणजे जुना बाजार भरला असेल. लांब नाही तिथून. जाऊन ये जरा. आमचा पाण्याचा हंडा होता, मोठा. नाव नव्हतं त्याच्यावर, पण बुडाला ठिगळ आहे, चांदणीसारखं, पाच टोकांचं. दादानं लावून आणलं होतं. बघ हं नीट."

"आत्या, साठ वर्षं होऊन गेली गं."

"तांबं कुठं जातंय?"

कसब्याचीनं पातेल्याची पिशवी उचलली सुद्धा होती. "चल," ती म्हणाली, "काम निघालं."

जुन्या बाजारात मंगळवार पेठेच्या त्या रस्त्यावर दुपारची उतरती उन्हं होती. घड्याळं, पाने, कुलपं, रेडिओ, एका पायाचे बूट, नाणी, आणि भांड्यांचे ढीग. ती एका ढिगापाशी उकिडवी बसली. पहिला हंडा उलटा केला, बूड बघितलं, ठेवला. दुसरा. तिसऱ्याला मीही बसले. सहाव्या की सातव्या हंड्याला विक्रेत्यानं तंबाखू मळता मळता वर बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "घ्यायचं असेल तरच उलटं करा."